डोंगरावरची जर्सी, प्रवरेकाठची डांगी

गावठी गायीला परदेशी कांडी (परदेशी वळूच्या गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी) भरावी का, वासरू खरंच लवकर वाढतं का आणि आमच्यासारख्या डोंगरात ते टिकतं का, असं विचारणारा फोन मला अधूनमधून येतच असतो. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा क्रमाने लिहून ठेवते. आम्ही २०२१च्या हिवाळ्यात सुरुवात केली, हे लिहितेय ते २०२५ संपता संपता. हा काही विद्यापीठाचा प्रयोग नाही. सात गायी, सात वासरं, एक टेप आणि एक वही, एवढ्यावरचं हे सांगणं आहे. तेवढ्याच तोलाने वाचा.

माझं सासर अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, राजूरच्या वर डोंगरात. इथून पुढे घाटघर, ज्याला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, तोंडात मात्र नगरच येतं.) नणंद, म्हणजे ताई, दिलीय संगमनेर तालुक्यात, प्रवरेकाठी. आमच्या डोंगरावर पडलेलं पाणी भंडारदऱ्यात साठतं आणि कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं की त्यावर ताईंचा घास पिकतो. त्यांच्याकडे पाऊस जेमतेम, पण विहीर आणि कालवा आहे. बारा महिने लसूणघास, संकरित नेपियर, मका. आमच्याकडे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत हिरवं इतकं की बघवत नाही, आणि मार्चनंतर नुसती कुसळी आणि भाताचा पेंढा.

नवरा सिन्नरला एमआयडीसीत. गोठा माझ्याकडे आणि नानांकडे, म्हणजे सासऱ्यांकडे. सात गायींपैकी तीन सरळ डांगी जातीच्या, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेल्या. उरलेल्या चार गावठी, डांगीची झाक असलेल्या. दूध प्रत्येकी दोन-तीन लिटर, त्यातलं वासराने प्यायल्यावर उरेल ते. कालवड पहिल्यांदा व्यायला चार वर्षं लागत. ताईंच्या गोठ्यातली संकरित कालवड अडीच वर्षांत व्यालेली मी डोळ्यांनी पाहिली होती. तिथून हे डोक्यात शिरलं.

नानांना पटलं नव्हतं. डांगीच्या कातडीला एक तेलकटपणा असतो, धो धो पावसात ती दिवसभर चरते आणि तिला काही होत नाही. भाताच्या चिखलणीला डांगी बैलासारखा बैल नाही. नाना म्हणाले, "डांगीला पाऊस लागत नाही. तुझ्या त्या जर्सीला तू छत्री धरून हिंडणार का?" मी तेव्हा हसले. पुढे जुलैत ते वाक्य वारंवार आठवलं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये मी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. मी विचारत होते वळूबद्दल, डॉक्टर विचारत होते चाऱ्याबद्दल. किती महिने हिरवं असतं, उन्हाळ्यात काय घालता, गाई किती लांब चरायला जातात, दूध कुठे घालता. त्यानंतर त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. तीन डांगी गायी आहेत त्यांना परदेशी कांडी भरायची नाही. जातिवंत जनावर आपल्याच जातीत पैदा करायचं, असंच राज्याचं पैदास धोरण आहे. अकोले, इगतपुरी हा डांगीचा मूळ पट्टा, इथेच ती संपवली तर मग आणायची कुठून? दुसरं, गावठी गायींना संकर करा, पण डोंगरात जर्सी. होल्स्टीनचं (एचएफचं) वासरू मोठं असतं, लहान चणीच्या गायीला व्यायला जड जातं, आणि त्या वासराची भूकही मोठी. ज्यांच्याकडे बारमाही चारा आहे त्यांनी होल्स्टीनकडे बघावं.

हे ऐकून मला वेगळीच कल्पना सुचली. ताईंकडे चारा आहे, आमच्याकडे गायी आहेत. एकाच वेळी पैदा झालेल्या वासरांपैकी काही इथे वाढवायची, काही तिथे. ताईंशी फोनवर बोलले तर त्या म्हणाल्या, "वहिनी, अर्धलीनं दे. मी सांभाळते. पहिल्या वेताला किंमत करू, निम्मं तुझं, निम्मं माझं." अर्धलीचा व्यवहार नात्यातच केला तरी वहीत लिहून घ्या. औषधपाण्याचा खर्च कोणाचा, जनावर मेलं तर कोणाचं नुकसान, हे आम्ही आधीच लिहिलं आणि पुढे त्याचा उपयोग झाला.

भरवण्याआधी महिनाभर तयारी. सातही गायींना जंताचं औषध, रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण, गोचिडांची फवारणी. आणि कानात बिल्ले. पिवळा, बारा आकडी बिल्ला आणि त्या नंबरवर तुमचं नाव, मोबाइल, गायीची जात, वय अशी ऑनलाइन नोंद. त्या वेळी अनेकांना ही कटकट वाटायची. आता बिल्ल्याशिवाय दवाखान्याची सेवा नाही आणि खरेदी-विक्रीही नाही, त्यामुळे हा वाद मिटलाच आहे. बिल्ला मारताना आपल्या नावाचं स्पेलिंग आणि मोबाइल नंबर समोर उभं राहून तपासून घ्या. आमच्या एका गायीच्या नोंदीत भलताच मोबाइल नंबर पडला होता, तो दुरुस्त व्हायला कित्येक आठवडे गेले.

मग माज ओळखणं. सगळ्यात अवघड भाग हाच. ताईंकडची जनावरं दावणीला असतात, हंबरली की कळतं. आमच्या दिवसभर डोंगरात, आणि गावठी गायीचा माज मुका. ती हंबरत नाही, फक्त चरणं कमी करते, दुसरीच्या मागे मागे राहते, संध्याकाळी शेपटीला काचेसारखा स्वच्छ सोट, म्हणजे चिकट स्राव, लागलेला दिसतो. मी गुराख्याला सांगून ठेवलं की एक गाय दुसरीवर चढली आणि खालची गाय हलली नाही, तर खालची माजावर आहे, वरची नाही. हे त्याला उलटं वाटायचं. प्रत्येक गायीची तारीख मी कॅलेंडरवर लिहायला लागले. एकवीस दिवसांनी पुन्हा त्या तारखेच्या आसपास लक्ष ठेवायचं.

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. सांगायला सोपं आहे. आमच्या घरात रेंज येत नाही. टेकाडावर चढून फोन करायचा, मग रेतन करणारे दादा खालून मोटारसायकलवर नायट्रोजनचं भांडं बांधून येणार. सरकारी दवाखान्यातलं शुल्क किरकोळ होतं, पण घरपोच सेवेला पेट्रोल धरून दर खेपेला तीनशे ते चारशे रुपये जात. कांडी उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमधून काढून ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची असते. मी थर्मामीटर घेऊन उभी राहायचे. पहिल्यांदा दादांना राग आला, नंतर तेच म्हणाले की ताई, पाणी तुम्हीच तयार ठेवत जा.

एक छोटी सवय लावा. कांडीवर वळूचा नंबर, जात आणि केंद्राचं नाव छापलेलं असतं. भरवल्यावर ती रिकामी कांडी फेकू देऊ नका, बिल्ल्याशेजारी धरून फोटो काढा. तीन वर्षांनी त्या गायीची कालवड भरवताना बापाचा नंबर लागतो. नाहीतर त्याच वळूची कांडी लेकीला भरली जाते आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

लिंगविनिश्चित कांडीची चौकशी मी केली होती. तिच्यातून बहुतेक कालवडीच होतात. पण तिच्यात शुक्राणू कमी असतात, गाभण राहण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा कमी राहतं, आणि माज नेमका ओळखता येत नसेल तर ती वाया जाण्याचीच भीती. आमचा मुका माज पाहून डॉक्टर म्हणाले, पहिल्या फेरीत साधीच वापरा.

डिसेंबर ते फेब्रुवारीत एकेक गाय भरली. तीन गावठी गायींना जर्सी, सगळ्यात थोराड चौथीला होल्स्टीन. डांगीच्या कांड्यांसाठी थांबावं लागलं, कारण त्या सगळीकडे हाताशी नसतात, आधी मागणी नोंदवावी लागते. गायी उलटल्याही, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या. उलटली की मन खट्टू होतं, घरातले बोलतात, शेजारचे तर बोलतातच. एक डांगी तर कांडीने राहीचना. शेवटी तिला शेजारच्या वाडीतल्या डांगी वळूकडे नेली आणि ती राहिली. नानांना त्या दिवशी जो आनंद झाला तो मी विसरणार नाही. अडीच-तीन महिन्यांनी डॉक्टरांकडून गाभण तपासणी करून घेतली. ही तपासणी टाळू नका. उलटली नाही म्हणजे गाभण, असं धरून बसलं की आमच्यासारख्या मुक्या माजाच्या गायीचं अख्खं वर्ष जातं.

२०२२चा पावसाळा सरताना गायी व्यायला लागल्या आणि नेमका त्याच वेळी लम्पी आला, जनावरांच्या अंगावर गाठी आणणारा साथीचा रोग. सप्टेंबरात राज्यभर जनावरांचे बाजार बंद, वाहतूक बंद. गायींना शेळ्यांच्या देवीची लस टोचून घेतली, ती मोफत होती. गोठ्यात रोज धूर, फवारणी, बाहेरच्या माणसाला आत बंदी. नाना रात्री उठून बॅटरीने गायींच्या अंगावर गाठी शोधायचे. आमचा गोठा वाचला, वाडीतल्या सगळ्यांचा वाचला नाही.

होल्स्टीनवाली गाय रात्री अडली. वासराचे पुढचे पाय दिसत होते, डोकं येत नव्हतं. डॉक्टर येईपर्यंत गाय थकून आडवी झालेली. दोर लावून ओढून काढलेली ती कालवड, जन्मतःच सव्वीस किलोच्या आसपास. जर्सीची वासरं बावीस, डांगीची वीस. थोराड गायीची ही गत, तर लहान चणीच्या गायीचं काय झालं असतं? होल्स्टीन भरली असेल तर डॉक्टरांचा नंबर आणि रात्री येणारी गाडी आधीच ठरवून ठेवा.

हिशेब असा झाला: होल्स्टीन संकरित कालवड एक, जर्सी संकरित दोन कालवडी, एक गोऱ्हा, डांगी दोन कालवडी, एक गोऱ्हा. चीक सगळ्यांना पहिल्या तासाभरात पाजला, वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, दोन-तीन वेळांत मिळून. वार (जार) पडायची वाट बघत चीक थांबवायची पद्धत आमच्या वाडीत अजून आहे. ती सोडा.

मोजमाप कसं केलं ते सांगते, कारण काटा कोणाकडे असतो? शिंप्याचा टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात, आणि खांद्याच्या टोकापासून मागच्या ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, आलं वजन किलोत. घेर चाळीस आणि लांबी छत्तीस असेल तर सत्त्याऐंशी किलो. चार-पाच किलो इकडेतिकडे होतं, पण दर महिन्याला एकाच माणसाने, सकाळी चरायला सोडण्याआधी मोजलं तर वाढ नीट कळते.

पहिले पाच महिने सगळी वासरं इथेच, आईजवळ. मार्च २०२३ मध्ये डांगी साठ किलोच्या आसपास, जर्सी सत्तर, होल्स्टीन ऐंशी. फरक दिसत होता, पण मला वाटलं होतं तेवढा नाही. कारण डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं: बाप बदलला तरी आईचं दूध तेवढंच आहे. गावठी गायीच्या कासेत जे तीन लिटर आहे त्यातच ते मोठ्या हाडाचं वासरू वाढणार. म्हणून संकरित वासरांना मी दुसऱ्या महिन्यापासून वासरांचं खाद्य सुरू केलं. दर महिन्याला जंताचं औषधही. आमच्या ओल्या हवेत जंत हा वासरांचा पहिला शत्रू, पोट फुगलेलं आणि केस उभे राहिलेलं वासरू दिसलं की समजावं.

आता तीन कालवडी ताईंकडे पाठवायच्या होत्या: होल्स्टीन, एक जर्सी, एक डांगी. डांगी मुद्दाम, कारण जर्सीचं कौतुक करायचं तर डांगीलाही तोच घास खाऊ घालून बघायला हवं. तोवर वाहतुकीची बंदी शिथिल झाली होती, पण अटी होत्या. कानात बिल्ला, लम्पीची लस टोचून अठ्ठावीस दिवस झालेले आणि आरोग्य प्रमाणपत्र. वासरं चार महिन्यांची झाल्यावर लस टोचली, मग दिवस मोजत थांबलो. प्रमाणपत्राच्या दिवशी डॉक्टर दौऱ्यावर, दुसऱ्या दिवशी शिक्का नाही, असं होत गेलं. पिकअपचं भाडं आणि चहापाणी धरून साडेतीन हजार. गाडी दुपारी भरू नका, पहाटे निघा. आणि दोन दिवसांपुरता इथला पेंढा सोबत द्या, नवीन घास एकदम पोटभर पडला की हगवण लागते किंवा पोट फुगतं.

उन्हाळ्यात इथे राहिलेल्या जर्सी कालवडीकडे बघवेना. कुसळीचं गवत फुलोऱ्यात कापलं तर चारा, वाळून टोकं आली की तोंडात टोचतं, कातडीत रुततं. डांगी कालवड लांबवर जाऊन झुडपांचा पाला ओरबाडून यायची. जर्सी दुपारी सावलीत धापा टाकत बसायची. मार्चात सत्तर किलो, जूनच्या सुरुवातीला बहात्तर. डांगी तेवढ्यात साठवरून सहासष्टवर गेली. मग पाऊस. जुलैत जर्सीला खोकला, अंग थरथरतंय, खुरात चिखल्या. मी तिला गोठ्यात बांधून ठेवलं आणि गवत कापून आणून घातलं, म्हणजे नानांची छत्रीच की ती! नागपंचमीला मोजलं तेव्हा दोघीही पंच्याऐंशीच्या आसपास. पाच महिन्यांचा जर्सीचा सगळा पुढावा गेलेला.

पण सप्टेंबर-ऑक्टोबरात उघडीप झाली, मारवेल आणि पवना ही गवतं पोटाला भिडली, आणि जर्सी अशी काही वाढली की टेपवर विश्वास बसेना. वर्षाची झाली तेव्हा एकशे वीस किलो. डांगी एकशे दहा.

आता ताईंची बाजू. तिथे तेवढ्याच काळात होल्स्टीन एकशे पंच्याण्णव, जर्सी एकशे सत्तर, डांगी एकशे पस्तीस. म्हणजे जर्सी कालवड तशीच, इथे डांगीच्या दहा किलो पुढे आणि तिथे पस्तीस किलो पुढे. आणि तिकडे गेलेली डांगी इथल्या जर्सीपेक्षाही भारी. वहीत हे आकडे शेजारी लिहिले तेव्हा मला डॉक्टरांचे चाऱ्याबद्दलचे प्रश्न कळले. संकराने वासराची भूक आणि वाढायची ताकद वाढते. ती ताकद वापरायला रोज ताटात काही हवं. जे मी रक्ताचं श्रेय समजत होते त्यातलं निम्म्याहून जास्त घासाचं होतं.

तो घास फुकट नव्हता. २०२३चा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आमच्या डोंगरात त्या उघडिपीने गवत उलट चांगलं आलं, ताईंकडे विहिरीने तळ दाखवला. घासाला पाणी नाही, कडब्याचे भाव चढलेले. दाजींनी विकतचा मुरघास (हवाबंद साठवलेला हिरवा चारा) आणला. होल्स्टीन कालवडीला खाद्यच रोज दीड किलो, महिन्याला बाराशे-पंधराशे रुपये एकट्या खाद्याचे. डांगीला ताईंनी त्या काळात खाद्य अर्ध्यावर आणलं, तिच्या अंगावर फारसा फरक पडला नाही. होल्स्टीनच्या फासळ्या दिसायला लागल्या.

त्यातच होल्स्टीनला थायलेरिया झाला. गोचिडांमुळे होणारा ताप. चारा सोडला, कानाखालच्या आणि पुढच्या पायांजवळच्या गाठी सुजल्या, डोळे पांढुरके. रक्ताची काचपट्टी तपासून निदान झालं. ब्युपार्वाक्वोनचं इंजेक्शन, सलाईन, डॉक्टरांच्या खेपा धरून साडेतीन हजारांच्या वर गेले. देशी जनावरांतही हा जंतू असतो, पण ती सहसा निभावून नेतात, संकरितांना तो झोपवतो. ताप १०४च्या वर आणि गाठी दिसल्या तर घरगुती काढ्यांत दिवस घालवू नका. खर्च कोणाचा हे वहीत लिहिलेलं होतं, त्यामुळे ताईंशी फोनवर आवाज चढला नाही.

दुसऱ्या वर्षी मी इथली व्यवस्था बदलली. ऑक्टोबरात गवत फुलोऱ्यात असतानाच कापून वाळवलं, कुसळं यायची वाट पाहिली नाही. भाताच्या बांधांवर फुले मारवेलची ठोंबं लावली, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं वाण आहे. उन्हाळ्यापुरता मुरघास ताईंकडून पिशव्यांत आणला, वाहतूक धरून किलोला सात रुपये पडला. जर्सी कालवडीला रोज किलोभर खाद्य. २०२४च्या उन्हाळ्यात ती घटली नाही, हळूहळू का होईना वाढत राहिली. डांगीसाठी वेगळं काही केलं नाही. कालवडींना चार ते आठ महिन्यांत ब्रुसेलोसिसची (गाभ टाकायला लावणाऱ्या रोगाची) लस एकदाच द्यायची असते, ती आम्ही आधीच दिली होती. लाळ्या-खुरकुताची वर्षातून दोनदा.

होल्स्टीन कालवड अठराव्या महिन्यात अडीचशे किलो ओलांडून भरवली आणि डिसेंबर २०२४ मध्ये व्यायली. आज ताईंकडे बारा लिटरच्या आसपास देते. तिथली जर्सी त्यानंतर चार महिन्यांनी व्यायली. इथली जर्सी डिसेंबर २०२४ मध्ये भरवता आली, म्हणजे सव्वीसाव्या महिन्यात, आणि यंदा सप्टेंबरात व्यायली. सहा-सात लिटर दूध, आमच्या वाडीत ते पुष्कळ आहे. ताईंकडची डांगी यंदा गाभण राहिली. इथली डांगी तीन वर्षांची झाली, आत्ता कुठे माज दाखवतेय.

गोऱ्ह्यांचंही सांगायला हवं, कारण ते कोणी सांगत नाही. डांगी गोऱ्हा बघायला घोटीच्या बाजारातले लोक घरी आले. तो आम्ही विकला नाही, चिखलणीला शिकवतोय. जर्सी गोऱ्ह्याला गिऱ्हाईक नाही. खांद्याला वशिंड नाही, जू नीट बसत नाही, उन्हात धापा टाकतो. २०१५ पासून राज्यात बैल-गोऱ्ह्यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हणजे जन्मला तो आयुष्यभर दावणीला. आमचा अजून आहे, खातो आणि शेण देतो. संकराचा हिशेब मांडताना निम्मी वासरं नर होतील हे धरून मांडा. म्हणून यंदा माज ओळखायचा हात बसल्यावर ताईंच्या होल्स्टीनला लिंगविनिश्चित कांडी भरलीय.

संकरित कालवडींना पुढे कोणतं रक्त, यावर आमच्याकडे बरेच दिवस खल चालला. पहिल्या पिढीत जो जोम दिसतो तो पुढे तसाच टिकत नाही, आणि परदेशी रक्त वाढवत नेलं की दुधाबरोबर आजारपणही वाढतं. साधारण निम्म्यावर थांबावं असा सल्ला मिळाला. फुले त्रिवेणी ऐकली असेल, राहुरीला तयार झालेली गाय, निम्मी होल्स्टीन, पाव जर्सी आणि पाव गीर, म्हणजे परदेशी रक्त निम्म्याच्या पुढे, पाऊण. तसं जमवायचं तर ताईंच्या गोठ्यात जमेल. इथल्या जर्सीला मात्र मी डांगीची कांडी भरली. पुढच्या पिढीत जर्सी पाव उरेल. दूध थोडं घटेल, पण जुलैत बाहेर चरू शकेल अशी कालवड मला हवी होती. सप्टेंबरात ती जन्मली आणि रंगाने तरी आजीवर गेलीय.

सातही गावठी-डांगी गायींचं यंदाचं ठरलंय. दोन गावठींना जर्सी, कारण उन्हाळ्यात दोनच संकरित कालवडींना पुरेल एवढा मुरघास मला परवडतो. बाकी सगळ्यांना डांगी. होल्स्टीन इथे नाही. तुम्ही ठरवताना मे महिन्यात तुमच्या गोठ्यात किती किलो चारा शिल्लक असतो तो आकडा आधी लिहा, मग किती गायींना कोणती कांडी ते ठरवा. डांगीच्या कांड्या हव्या असतील तर मागणी दिवाळीच्या आतच दवाखान्यात नोंदवून ठेवा, गायी माजावर आल्यावर धावाधाव करून त्या मिळत नाहीत.